उडून जाणारे पेट्रोल

आमच्या भागातली गावे डोळे मिटूनही ओळखता येतात. निपाणी जवळ आल्याचे बसमध्ये डुलक्या काढणाऱ्यालाही आधी नाक सांगते. वखारींतून येणारा तंबाखूचा तो उग्र, पण काहीसा गोडसर दर्प एकदा घेतला की जन्मभर विसरत नाही. गळिताच्या हंगामात संकेश्वरच्या बाजूला मळीचा आंबूस वास हवेत तरंगत असतो. बेळगावच्या खडेबाजारात मात्र कोणा एका वासाची मक्तेदारी नाही. नव्या कापडाची खळ, अत्तर-उदबत्ती, भज्यांच्या गाड्यावरचे तेल, कोठून तरी आलेला कुंद्याचा खरपूस वास, अशी ती वासांची बैठकच असते. आणि एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी, रस्त्याच्या कडेला खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या दुचाकींच्या रांगेजवळून चालत गेलात, तर या सर्वांवर मात करतो तो पेट्रोलचा वास.

तंबाखूचा किंवा मळीचा वास म्हणजे कोठेतरी उद्योग चालू असल्याची खूण. पेट्रोलच्या वासाचे नेमके उलटे आहे. ज्या पेट्रोलचा वास आपल्याला आला, त्या पेट्रोलने कोणाला कोठे नेले नाही. ते पैसे मोजून घेतले, टाकीत भरले, आणि गाडी जागच्या जागी उभी असताना उडून गेले. धुरावर आपण पुष्कळ बोलतो, कारण धूर दिसतो. ही वाफ दिसत नाही, म्हणून तिच्या वाट्याला कोणाचे भाषण येत नाही. मी बोलणार आहे. रसायनशास्त्राच्या शिक्षकाला तासाच्या घंटेची भीती न बाळगता बोलता येईल अशी जागा वार्षिक अंकातच मिळते.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते आमच्या मेस्त्रींनी. स्कूटर दुरुस्तीला टाकली होती. त्यांनी सीटखालून मुठीएवढा एक काळा डबा दाखवला आणि म्हणाले, "सर, हा काढून टाकू काय? फुकटचा बोजा हाय की हो. सगळी काढून टाकायलेत." मी विचारले, "कशासाठी आहे हो तो?" तर म्हणाले, "ते कंपनीलाच ठाऊक." मेस्त्री मोठे कुशल आहेत, इंजिनाच्या आवाजावरून ते दुखणे सांगतात, पण या डब्याला आवाजच नाही, त्याला ते तरी काय करणार!

टाकी श्वास घेते, हे लक्षात आले म्हणजे डब्याचे प्रयोजन कळते. ऊन चढले की टाकीतले पेट्रोल तापते, वाफ वाढते आणि बाहेर पडू पाहते. रात्री गारवा आला की टाकी बाहेरची हवा आत ओढते. जुन्या गाड्यांच्या झाकणाला यासाठी एक बारीक भोक असे. वाफ तेथून खुशाल निघून जाई. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर धुरकट पडदा पसरू लागला, आणि तो न जळलेल्या इंधनाच्या वाफा व नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनतो असे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले. मग १९७० साली कॅलिफोर्नियात आणि १९७१ पासून सबंध अमेरिकेत नव्या मोटारींना ही वाफ कोंडणे सक्तीचे झाले. आपल्याकडे दुचाकींवर हा डबा आला तो बीएस-४ च्या नियमांबरोबर. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रमाणे दुचाकीला परीक्षेत दीड ग्रॅमपेक्षा जास्त वाफ सोडता येत नाही. ही परीक्षा मोठी गमतीची असते. गाडी एका हवाबंद खोलीत ठेवतात, टाकी ठरावीक रीतीने तापवतात, आणि खोलीच्या हवेत किती वाफ मिसळली ते मोजतात. पुण्याच्या ए.आर.ए.आय. संस्थेत अशा परीक्षा होतात. परीक्षार्थी एका जागी गप्प उभा आहे आणि तरीही नापास होऊ शकतो, अशी परीक्षा आमच्या विद्यापीठातही नाही!

डब्यात असतो कोळसा. लाकडाचा किंवा नारळाच्या करवंटीचा, पण विशेष प्रक्रिया करून अतिशय सच्छिद्र केलेला. त्याच्या एका ग्रॅमच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात जाते, म्हणजे सुमारे दहा गुंठे. आमच्याकडे दहा गुंठ्यांपायी भाऊबंदकी कोर्टाची पायरी चढते. येथे तेवढी जागा चिमूटभर कोळशात मावते. टाकीतून निघालेली वाफ या भिंतींना चिकटून बसते. पुढे गाडी चालू होऊन इंजिन तापले की एक झडप उघडते, इंजिन त्या डब्यातून ताजी हवा खेचते, आणि चिकटलेली वाफ सुटून इंजिनात जाऊन जळते. रात्रभर साठवायचे आणि सकाळी खर्चायचे, असा हा संसार आहे. मेस्त्रींना मी हे सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे फुकटचं पेट्रोल परत मिळतंय म्हणा की." मी होय म्हटले. डबा जागेवर राहिला.

येथवरची गोष्ट साध्या पेट्रोलची. आता आपले पेट्रोल साधे राहिलेले नाही, आणि त्यात आपल्या जिल्ह्याचा हात आहे. ऊस म्हणा, कब्बु म्हणा, या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांपैकी कितीतरी जणांची फी त्याच्यातूनच भरली जाते. जिल्ह्यात वीसहून अधिक साखर कारखाने आहेत, आणि साखरेबरोबर इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, गाळणे हा त्यांच्यापैकी अनेकांचा व्यवसाय झाला आहे. कल्पना मुळीच नवी नाही. पेट्रोलमध्ये मिसळायच्या मद्यार्कासाठी आपल्या देशाने १९४८ सालीच कायदा केला होता. तो पुष्कळ वर्षे कागदावर राहिला. २००३ साली काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले, २०२२ मध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचे ई-२० पेट्रोल बंगळूरच्या समारंभात जाहीरपणे सुरू झाले, आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचले. त्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यावरून केवढा गदारोळ झाला! गाडी किती किलोमीटर कमी देते, रबर खराब होते काय, विमा मिळेल काय. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी याचिका फेटाळली गेली. त्या सगळ्या वादात वाफेचा उल्लेख मी तरी ऐकला नाही. मायलेजचा तोटा खिशाला कळतो, वाफेचा हिशेब कोणाच्याच बिलात येत नाही.

बी.एस्सी.च्या वर्गात मी एक प्रयोग करून दाखवतो. मोजपात्रात पन्नास मिलिलिटर पाणी आणि पंपावरून आणलेले पन्नास मिलिलिटर पेट्रोल घालायचे, बूच लावून हलवायचे आणि थांबायचे. पाणी खाली बसते, पण पन्नासाच्या रेघेवर नाही, साठीच्या जवळपास. पेट्रोलातला मद्यार्क सोयरीक मोडून पाण्याकडे गेलेला असतो. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. मग मी फळ्यावर दोन आकडे लिहितो. ३७.८ अंश सेल्सियसला पेट्रोलचा बाष्पदाब सुमारे ६० किलोपास्कल, आणि शुद्ध इथेनॉलचा १६. आता पेट्रोलात दहा टक्के इथेनॉल घातले तर मिश्रणाचा दाब किती? राऊल्टचा नियम नुकताच पाठ केलेला असतो. सगळा वर्ग एका आवाजात सांगतो, थोडा कमी होणार, पंचावन्नच्या आसपास.

प्रत्यक्षात तो वाढतो. सातएक किलोपास्कलने वाढतो.

कारण असे. इथेनॉलचे रेणू आपसांत हायड्रोजन बंधांनी एकमेकांचे हात धरून असतात, म्हणून ते सहजासहजी उडत नाहीत. पेट्रोलच्या गर्दीत थोडेसे इथेनॉल घातले की प्रत्येक रेणू परक्या घोळक्यात एकटा पडतो. धरायला हात नाही. तो स्वतः उडतोच, पण त्याच्या येण्याने पेट्रोलमधल्या ब्युटेन-पेंटेनसारख्या हलक्या मंडळींनाही जायला वाव मिळतो. इथेनॉल वाढवत नेले तर हा परिणाम ओसरतो. वीस टक्क्यांना दाब किंचित उतरतो, तरी मूळ पेट्रोलपेक्षा वरच राहतो. चाळीस-पन्नास टक्क्यांच्या दरम्यान तो बरोबरीला येतो. पंच्याऐंशीला तर पुष्कळच खाली जातो. म्हणजे वाफेच्या दृष्टीने थोडे इथेनॉल वाईट आणि पुष्कळ इथेनॉल चांगले, अशी ही उलटी तऱ्हा आहे. शिवाय इथेनॉल मिसळले की रबरी नळ्या आणि प्लॅस्टिकच्या टाक्या यांच्या भिंतींतून इंधन पाझरण्याचे प्रमाण वाढते. गळती कोठेच दिसत नाही आणि वास मात्र येत राहतो. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच. येथील हवेचा दाब पणजीपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी. चोर्ला घाट चढून वर आलेल्या मोटारीची टाकी, चढण चढून आलेल्या म्हाताऱ्यासारखी, उसासा सोडते.

आता येऊ घातली आहे ती फ्लेक्स-फ्युएल गाडी. हिला टाकीत काहीही चालते: ई-२० घाला, ई-८५ घाला, अर्धे हे अर्धे ते घाला. ब्राझीलमध्ये अशी गाडी २००३ साली फोक्सवॅगनच्या 'गोल' या मोटारीच्या रूपाने बाजारात आली, आणि थोड्याच वर्षांत तेथे नव्या मोटारींत हीच बहुसंख्य झाली. त्या देशाशी आपला संबंध फक्त फुटबॉलचा नाही. सौंदत्ती तालुक्यातल्या मुनवळ्ळीला कारखाना असलेल्या, बेळगावातून वाढलेल्या रेणुका शुगर्सने २०१० च्या सुमारास ब्राझीलमधले साखर-इथेनॉलचे कारखाने ताब्यात घेतले होते. पुढे तो व्यवहार जड गेला, हा भाग निराळा. पण मलप्रभेच्या काठचा ऊस आणि साव पावलोचा ऊस एका खातेवहीत आले होते, याची मला आजही मौज वाटते. आपल्याकडे २०१९ साली इथेनॉलवर चालणारी एक मोटारसायकल आली. ऑगस्ट २०२३ मध्ये विजेची जोड असलेल्या इनोव्हाचा फ्लेक्स नमुना नितीन गडकरी यांच्या हस्ते सादर झाला. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटकासह पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर 'इथेनॉल १००' या नावाचे इंधन ठेवल्याचे जाहीर झाले.

फ्लेक्स गाडीची अडचण तिच्या गुणातच आहे. टाकीत आज काय आहे हे तिला मुळात ठाऊक नसते. पेट्रोलच्या एका किलोला जळायला चौदा-पंधरा किलो हवा लागते, इथेनॉलच्या एका किलोला नऊच. म्हणून इथेनॉल जास्त असेल तर तेवढ्याच हवेत अधिक इंधन सोडावे लागते. हे प्रमाण गाडी ठरवते कसे? पुष्कळ गाड्या धुराच्या नळीतल्या प्राणवायूच्या संवेदकावरून अंदाज बांधतात. धुरात प्राणवायू उरला तर इंधन कमी पडले. मुळीच उरला नाही तर जास्त झाले. चार वेळा चाखून, कमीजास्त करून, टाकीत इथेनॉल किती टक्के आहे ते गाडी शिकते.

आणि येथे आपला कोळशाचा डबा मध्ये येतो. खानावळीतल्या आचाऱ्याचे उदाहरण घ्या. मिठाची नवी पिशवी फोडली आहे, मीठ किती खारट ते माहीत नाही, म्हणून तो दर चिमटीला आमटी चाखून पाहतो आहे. तेवढ्यात वाढपी पोरगा पाठीमागून येऊन आपल्या मनाने चिमूटभर मीठ टाकून जातो. आमटी खारट लागली. दोष नव्या मिठाचा की पोराचा? डब्याची झडप उघडून वाफ इंजिनात आली की गाडीची नेमकी हीच गत होते. धूर सांगतो, इंधन जास्त झाले. टाकीत इथेनॉल कमी आहे म्हणून, की डब्यातून न मोजलेली वाफ आली म्हणून? चुकीचा धडा शिकली तर ती पुढचे कित्येक किलोमीटर चुकीच्या मापाने इंधन सोडत राहील, आणि मग वाफ राहिली बाजूला, धूरच बिघडेल. टाकीतल्या द्रवाची टक्केवारी समजली तरी ती वाफेला लागू पडत नाही, हे आणखी एक. वाफेत हलकी हायड्रोकार्बने आधी जातात. तिचे गोत्र द्रवापेक्षा वेगळे.

यावर इंजिन बनवणाऱ्यांनी सरळ उपाय काढला. नवे इंधन भरल्यावर गाडी ते शिकेपर्यंत डब्याची झडप बंद ठेवायची. आचाऱ्याचे चाखून होईतो पोराला स्वयंपाकघरात येऊ द्यायचे नाही. उपाय ठीक आहे, पण ज्या गाड्यांत इंधन भरताना निघणारी वाफही याच डब्यात घेतात, त्यांचा डबा सर्वांत जास्त भरलेला असतो तो त्याच वेळी! ज्या क्षणी तो रिकामा करण्याची निकड, त्याच क्षणी तो उघडायची बंदी. शिवाय थंड इंजिनात झडप उघडून चालत नाही, आणि विजेची जोड असलेल्या गाडीत तर इंजिन अर्धा वेळ झोपलेलेच असते, मग डबा रिकामा करायला सवड कोठली? म्हणून मग कोणी इंधनाच्या नळीतच इथेनॉल मोजणारा स्वतंत्र संवेदक बसवतो, कोणी डबा मोठा करतो, कोणी टाकी दाब सोसेल इतकी भक्कम करून वाफ आतच कोंडतो. एक युक्ती मला फार आवडली. इथेनॉल पुष्कळ असले की थंडीत गाडी चालू होत नाही, कारण पेटायला पुरेशी वाफच होत नाही. ब्राझीलच्या फ्लेक्स गाड्यांत यासाठी पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी असे. २००९ मध्ये इंधन आधी गरम करून घेणारी मोटार निघाली, तेव्हा कोठे ती टाकी गेली. तेव्हा काही अभियंत्यांनी असा विचार केला आहे की, डब्यात साठलेली हलकी वाफच थंडीत इंजिन पेटवायला वापरावी. जी चोरून पळत होती तिलाच दिवा लावायच्या कामाला जुंपायचे.

माझे मत विचाराल तर मला ई-८५ ची धास्ती वाटत नाही. मला काळजी वाटते ती मधल्या मिश्रणांची. आज स्वस्त पडले म्हणून हे भरले, उद्या जवळच्या पंपावर ते नव्हते म्हणून ई-२० भरले, असे आपण करणार. दोन इंधने मिसळली म्हणजे दाबही दोहोंच्या बरोबर मध्ये येतो असे नाही, हे वर आलेच आहे. आणि या सगळ्या चतुराईचा शेवटचा आधार काय, तर मेस्त्री "फुकटचा बोजा" म्हणतात तो डबा आणि त्याला जोडलेल्या दोन बोटभर जाड नळ्या.

गेल्या वर्षी हा भाग शिकवत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. एरवी तो पहिल्या तासाला पेंगत असतो. मला कारण ठाऊक होते, म्हणून मी कधी रागावलो नव्हतो. तो हमरस्त्यावरच्या एका पंपावर रात्रपाळी करतो. त्याने विचारले, "सर, टाकीत पेट्रोल भरताना जी वाफ वर येते, ती पण डब्यात जाते काय?" मी सांगितले, दुचाकीचा डबा त्यासाठी बनवलेलाच नसतो. टाकीत एक लिटर पेट्रोल गेले की एक लिटर वाफेने भरलेली हवा तोंडातून बाहेर येते, आणि तिच्यात साधारण एक ग्रॅम इंधन असते. दीड ग्रॅमच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेली स्कूटर पाच लिटर पेट्रोल घेताना पाच ग्रॅम वाफ सोडते, तीही भरणाऱ्याच्या तोंडासमोर. फळ्यावर हिशेब मांडला. एका पाळीत त्याच्या हातून हजार लिटर पेट्रोल गेले असे धरले तर किलोभर वाफ. मोठ्या शहरांतल्या काही पंपांवर ही वाफ परत ओढून घेणारी दुहेरी नळी असते. त्याच्या पंपावर नाही.

पेट्रोलात एक टक्क्यापर्यंत बेंझीन असू शकते, आणि वर्षानुवर्षे ते छातीत गेले तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. त्या दिवशी सांगताना माझा आवाज जरा खाली आला. मिश्रणात इथेनॉल वाढले की तेवढे बेंझीन कमी होते, हेही आवर्जून सांगितले, आणि ते खरेच आहे. तो म्हणाला, "पण सर, मला आता वासच येत नाही. पहिला महिनाभर येत होता." नाकाची ही जुनी खोड आहे, जो वास सतत असतो तो ते कळवायचे सोडून देते.

तास संपल्यावर तो टेबलापाशी आला. मी त्याला वाऱ्याकडे पाठ करून नव्हे तर वारा आडवा येईल असे उभे राहायला, नोझल हातात धरून टाकीत डोकावायचे नाही, आणि टाकी काठोकाठ भरायचा कोणी आग्रह धरला तरी ऐकायचे नाही, असे सांगितले. महिन्याभराने विचारले तर म्हणाला, तसेच करतो. संध्याकाळी खालून, कोकणाच्या अंगाने चांगला वारा असतो. बारा वाजून गेले की मात्र वारा पडतो, आणि लांब पल्ल्याच्या गाड्या तेव्हाच येतात.